कावळ्यांचा हंगाम

रविवार, १६ फेब्रुवारी

आज बिटाच्या शेतात एक कावळा टांगलेला पाहिला. काठीला पाय वर, डोकं खाली, पंख उघडे. बाकीच्या कावळ्यांनी यातून बोध घ्यावा म्हणून. आमच्या शाळेच्या पुस्तकात गोष्टीखाली बोध छापलेला असे. इथे तो टांगतात.

घरी येऊन विचारलं तर जावईबापू म्हणाले, "अप्पा, ते ब्रांडेसचं काम. गावच्या शिवाराचा शिकारीचा हक्क त्यानं भाड्यानं घेतलाय. कावळ्याचा हंगाम वीस तारखेपर्यंत आहे. मग पहिल्या ऑगस्टपर्यंत कोणी हात लावू शकत नाही."

"म्हणजे एकवीस तारखेला कावळा निर्दोष ठरतो?"

"या..." जर्मन होकार आधी तोंडात आला. "म्हणजे, हो. कायद्यानं."

काय कायदा! आणि काय ते कायद्यानं बोलणं! हृषिकेशराव माणूस वाईट नाहीत, पण कण्याच्या जागी यांना नियमावली आहे. वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात गाड्यांचं सॉफ्टवेअर तपासतात, घरी येऊन कचऱ्याचे डबे रंगानुसार तपासतात.

मी दुपारी जेवलो नाही. सुनेत्रा दोनदा ताट घेऊन आली. माझी लेक, पण तिला तरी कसं सांगू? माझ्या बायकोच्या, वसुधाच्या दहाव्याला पुण्यात कावळा शिवलाच नव्हता. ऊन डोक्यावर आलं, नातेवाईक घड्याळं बघू लागले, तेव्हा गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. सगळे जेवायला मोकळे झाले. मी मोकळा झालो नाही. तिचं काहीतरी राहिलं, आणि मला ते कळलं नाही.

म्हणून इथे जर्मनीत, लेकीकडे आल्यापासून रोज सकाळी मूठभर भात कालव्याकडे नेतो. एक जोडी येते. इथले कावळे मानेपर्यंत काळेच, आपल्यासारखी राखाडी मफलर नाही. त्यातल्या एकाच्या डाव्या पंखात पांढरं पीस आहे. मी कविता म्हणू लागलो की तो मान तिरकी करतो. वसुधा अशीच करायची, मी कुठे अडतोय ते बघत. अडलो की पुढची ओळ द्यायची. चौथीच्या पुस्तकातली, घरटं बांधणाऱ्या पाखराची ती कविता मला तिसऱ्या कडव्यापर्यंतच येते. पुढचं तिच्याकडे होतं.

टांगलेला त्या जोडीतला नव्हता. जवळ जाऊन पाहिलं.

संध्याकाळी जावईबापू ब्रांडेसकडे जाऊन तासभर बसून आले. बीअर प्यायले असावेत.


रविवार, २ मार्च

आज चहाच्या वेळी जावईबापूंनी जाहीर केलं की ते याग्डशाइन काढणार. म्हणजे शिकारीचा परवाना. शनिवार-रविवार क्लास, मग परीक्षा.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. डोंबिवलीचा मुलगा. झुरळ दिसलं तर खुर्चीवर चढणारा.

"तुम्ही? शिकार?"

"हो अप्पा."

"कसली? फाइलींची?"

सुनेत्रा म्हणाली, "अप्पा, असू दे ना." जावईबापू बिस्किट चहात बुडवत राहिले. ते तुटून आत पडलं.

मला सगळं स्पष्ट दिसतंय. तो टांगलेला कावळा मी पाहिला तसा त्यांनीही पाहिला. मला जेवण गेलं नाही, यांना चव लागली. शिवाय गोऱ्यांच्या पंगतीत बसायचंय. हिरवी टोपी घालून ब्रांडेसच्या खांद्याला खांदा लावायचाय. इतकी वर्षं इथे राहून यांना अजून कोणी "या, बसा" म्हटलं नाही, ते आता बंदूक घेऊन म्हणवून घेणार.

वसुधा असती तर म्हणाली असती, अहो, जरा समजून घ्या. समजून घ्यायला आत काही असावं लागतं.


शनिवार, ५ एप्रिल

जेवणाच्या टेबलावर आता वरण-भाताबरोबर पाखरांचं वेळापत्रक वाढतात. कुहू, माझी नात, कार्डं धरून प्रश्न विचारते जर्मनमध्ये आणि तिचे पापा उत्तर देतात मराठीत, मला कळावं म्हणून बहुधा.

"रानबदक?"

"पहिला सप्टेंबर ते पंधरा जानेवारी."

"फेझंट?"

"पहिला ऑक्टोबर ते पंधरा जानेवारी."

"कावळा?"

"पहिला ऑगस्ट ते वीस फेब्रुवारी." हे मात्र घडाघडा, कार्ड पूर्ण वर यायच्या आत.

पाहा, या लोकांचंही पंचांग आहे. आमच्या पंचांगात कोणत्या दिवशी कोणाला जेवू घालायचं ते असतं, यांच्यात कोणत्या दिवशी कोणाला मारायचं. मी हयातभर वजनमापे खात्यात होतो, तराजूंवर शिक्के मारले. शिक्क्याची किंमत मला कळते. पण जिवावर शिक्का मारणारं खातं मी पहिल्यांदाच पाहतोय.

आणि भाषा किती सोवळी! जनावराच्या रक्ताला हे लोक घाम म्हणतात. परीक्षेत रक्त म्हटलं तर गुण जातात म्हणे. शब्द बदलला की हात स्वच्छ.

जावईबापू म्हणाले, "अप्पा, शिकाऱ्याचं पहिलं काम राखणं असतं. आम्हाला पहिल्या दिवशी तेच शिकवलं."

"राखणं! वा! बकरं राखतो खाटीकही."

कुहू हसली. तिला खाटीक म्हणजे काय ते माहीत नसावं.


बुधवार, १४ मे

जोडीनं बर्चच्या झाडात घरटं केलंय. भात खाल्ला. कविता तिसऱ्या कडव्याला अडली. जावईबापूंची गाडी कारखान्याकडे न जाता शेताच्या कडेला उभी होती, आत कोणी नव्हतं. कामचुकारपणाही सुरू झाला वाटतं.


शनिवार, १४ जून

पास झाले. अभिनंदन.

कुहू सांगत होती की नेमबाजीत पापा अख्ख्या वर्गात पहिले, उडत्या मातीच्या थाळ्या सगळ्या फोडल्या. लेकरांना बापाच्या बढाया खऱ्या वाटतात. माझ्या लेकीलाही वाटायच्या.

ब्रांडेस स्वतः दारात आला. उंच, लाल गालांचा म्हातारा, माझ्याहून दोनचार वर्षांनी लहान असेल. फरच्या झाडाची एक डहाळी जावईबापूंच्या टोपीत खोचली आणि पाठीवर थाप मारली. यांचा चेहरा असा फुलला, जणू मुंज झाली. मग सुनेत्रानं भाषांतर करून सांगितलं. कालव्यापासून बर्चपर्यंतचा पट्टा ब्रांडेसनं जावईबापूंकडे सोपवलाय. तिथले कावळे यांनी बघायचे, दुसरं कोणी तिथे बंदूक नेणार नाही.

कालव्यापासून बर्चपर्यंत! माझा भात तिथे, माझी जोडी तिथे. अख्खं शिवार सोडून यांना तोच पट्टा हवा होता.

संध्याकाळी बंदूक दाखवायला आले. मधोमध उघडून काहीतरी समजावत होते, अप्पा हे बघा, अशी उघडी असली की उडत नाही वगैरे. मी म्हटलं, "हृषिकेशराव, मला डोळ्यांना कमी दिसतं," आणि आत गेलो.


सोमवार, २१ जुलै

वर्षश्राद्ध झालं. गुरुजी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर. मध्येच त्यांचं नेटवर्क गेलं आणि वसुधाचं गोत्र म्हणताना ते तोंड उघडं ठेवून थिजले. घास गॅलरीत ठेवला. तो एका काळ्यापांढऱ्या मॅगपायनं पळवला. कॉल परत लागल्यावर गुरुजी म्हणाले, "चालेल हो काका, पक्षीच आहे."

चालेल! दर्भाचा चालतो, मॅगपाय चालतो. यांचं सगळंच चालतं.

माझं चालत नाही. सप्टेंबरात अविधवा नवमी आहे. नवऱ्याआधी गेलेल्या बाईचा तो दिवस. त्या दिवशी मी स्वतः पान घेऊन शेतात जाईन आणि माझ्या त्या पांढऱ्या पिसाच्या कावळ्यासमोर ठेवीन. तो शिवला तर ठीक. मग मला इथे, तिथे, कुठेही ठेवा.

पण नवमी हंगामात येते.


शुक्रवार, १ ऑगस्ट

आजपासून कावळा गुन्हेगार.

सकाळी भात घेऊन निघालो तर जावईबापू दारात. "अप्पा, एक विनंती आहे. भात बर्चच्या अलीकडेच ठेवत जा. माझ्या मचाणासमोर. बर्चमागच्या ओढ्यापलीकडे नका नेऊ."

इतका निर्लज्जपणा. मला वाटलं होतं निदान लपवतील.

"तुमच्या मचाणासमोर?"

"हो. तिथे बरं पडेल."

"कोणाला बरं पडेल?"

त्यांनी तोंड उघडलं, मग सुनेत्रा आत आहे का ते पाहिलं आणि म्हणाले, "सगळ्यांनाच, अप्पा."

बायकोच्या नावाचा घास मी यांच्या नळीसमोर आमिष म्हणून ठेवायचा! उद्यापासून भात ओढ्यापलीकडे. तिथे शेतकऱ्यानं चाऱ्याचे मोठे गठ्ठे पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून रचलेत. आडोसा आहे, कोणी बघत नाही. या सत्तरीतल्या माणसाला अजून थोडी अक्कल आहे.


शनिवार, ९ ऑगस्ट

युक्ती फळाला आली. जोडी पलीकडे येते. आणखीही पुष्कळ येतात, भात पुरत नाही. आज दोन डबे नेले. चोची मारून मारून त्यांनी गठ्ठ्यांच्या प्लास्टिकला भोकं पाडली आहेत. पाडोत. पोट आहे त्यांनाही.

जावईबापू रोज पहाटे मचाणावर बसून रिकाम्या हातानं परत येतात. मी मुद्दाम विचारतो, "मिळालं का काही?" ते म्हणतात, "नाही अप्पा." मला इतकं बरं वाटतं!


शनिवार, १६ ऑगस्ट

लिहिता येत नाही.

सकाळी ओढ्याच्या बाजूनं बार ऐकू आले, एकामागून एक. मी चपला उलट्यासुलट्या घालून धावलो. पोचेपर्यंत सगळं शांत. गठ्ठ्यांपाशी भात तसाच पडलेला आणि त्यावर काळी पिसं. एक पांढरं.

ते पीस खिशात आहे.

परत येताना घराच्या मागच्या अंगणात जावईबापू दिसले. हातांना कोपरापर्यंत माती, बाजूला फावडं. मला पाहून उभे राहिले. डोळे लाल.

"अप्पा..."

"लपवलंत का पुरून? टांगायचं होतंत."

त्यांनी फावडं उचलून भिंतीला टेकवलं.


मंगळवार, १९ ऑगस्ट

तीन दिवस मी जावईबापूंशी बोललो नाही. आज सुनेत्रा माझ्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं.

"अप्पा, तो यांनी मारलेला नाही."

"मग कोणी?"

"ब्रांडेसनं. त्या शेतकऱ्यानं तक्रार केली होती, कावळे गठ्ठे फोडतात म्हणून. ओढ्यापलीकडे यांचं काही चालत नाही."

"नवऱ्याची बाजू घेतेस, घे. तुझी आईही घ्यायची."

"तिथे इतके कावळे का जमले, अप्पा?"

"मला काय माहीत?"

ती उठून दाराशी गेली. मग म्हणाली, "यांनी मला सांगू नको म्हटलंय. नाहीतर मी आज सांगितलं असतं," आणि निघून गेली. लहानपणी गृहपाठ केला नसला की असंच अर्धवट बोलायची.


शुक्रवार, २२ ऑगस्ट

आता खरा प्रकार कळला. ब्रांडेस दारात येऊन जावईबापूंवर ओरडत होता. मोठमोठ्यानं. हे मान खाली घालून "या, या, गेनाऊ", म्हणजे हो, हो, अगदी, असं म्हणत होते, नापास झालेल्या पोरासारखे. ब्रांडेस गेल्यावर मी कुहूला विचारलं. ती आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "शेतात भात कोण टाकतं ते तो विचारत होता. पापा म्हणाले, मी टाकतो."

मी टाकतो! माझा भात, वसुधाचा भात, तोही यांनी स्वतःच्या नावावर लावला. आमिषाचं श्रेय घेतलं. आणि ते करताना नियमात कुठेतरी चुकले असणार, म्हणून बोलणी खाल्ली. बरं झालं. परवाना जाईल म्हणत होती कुहू. जावो.

तरी रात्री जेवताना त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. मी पापड पुढे केला. सवयीनं.


रविवार, ७ सप्टेंबर

पौर्णिमा. उद्यापासून पितृपक्ष. परवाना गेला नाही. ब्रांडेसनं समज देऊन सोडलं म्हणे.

जोडीतला दुसरा आहे, बर्चवर एकटा बसतो. ओढ्यापलीकडे जात नाही. माझ्याकडेही येत नाही. आता याला पीस नाही, खूण नाही, ओळखायचा तो एकटा बसतो यावरून.

सुनेत्रा भाजी निवडत होती. म्हणाली, "नवमीला घास बर्चच्या अलीकडेच ठेवा, अप्पा. माझ्यासाठी."

खूप विचार केला. मग ठरवलं, तिथेच ठेवीन. मचाणाच्या अगदी समोर. आणि स्वतः पानाशेजारी उभा राहीन. बघू, सासऱ्यादेखत कसे मारतात ते. मारायचंच तर मधे मी आहे.


सोमवार, १५ सप्टेंबर. अविधवा नवमी

सावकाश लिहितो.

सुनेत्रा पहाटे उठली. वडे, खीर, कढी, आमसुलाची चटणी, भोपळ्याची भाजी. गवार ब्राउनश्वाइगच्या दुकानातून गोठवलेली आणली होती. केळीचं पान नाही म्हणून बिटाचं मोठं पान धुऊन घेतलं. जावईबापू घरात नव्हते. सुट्टी काढली होती म्हणे. आजच्या दिवशी! सासूच्या नवमीला सुट्टी काढून शिकार!

शेतात गेलो तर पलीकडे मका कापायला घेतलेला. कावळ्यांचे थवे जमले होते आणि ब्रांडेसची टोळी ओढ्यापलीकडून बार काढत होती. प्रत्येक बाराला आकाश काळं होऊन हलायचं. जावईबापू मचाणावर होते. टोपीला नारिंगी पट्टा. मी त्यांच्याकडे न बघता पान गवतात ठेवलं आणि शेजारी उभा राहिलो.

पाणी फिरवलं. हात जोडले. म्हटलं, ये बाई.

पलीकडचे बार वाढले तसे कावळे इकडे सरकू लागले. बर्च भरून गेला. इकडे कोणी बार काढत नव्हतं ना, त्या मुक्या जिवांना तेवढं कळतं. पण खाली एकही उतरेना. एकटा बसणारा तो वरच्या फांदीवर होता, मला बघत. दुपार झाली. पाय दुखू लागले. मला पुण्याचा तो घाट आठवला, घड्याळं बघणारे लोक आठवले, दर्भ आठवला. वाटलं, परत तेच. हिला माझ्याकडे यायचंच नाही.

दुसरं काही सुचेना म्हणून कविता म्हणायला लागलो. पहिलं कडवं, दुसरं. तिसऱ्याच्या शेवटी अडलो, नेहमीसारखा. कावळा बघतोय, मी बघतोय.

आणि वरून, मचाणावरून, पुढची ओळ आली.

चाल साफ चुकीची. शब्द बरोबर.

मी वर पाहिलं नाही. ती ओळ धरून चौथं कडवं म्हणत गेलो. पुन्हा अडलो की वरून पुन्हा यायची, त्याच बेसूर आवाजात. कुठून शिकले कोण जाणे. यांच्या वेळी पुस्तकं बदलली होती, ही कविता नव्हतीच त्यात. सगळी ओळनओळ पाठ. कविता संपली.

कावळ्यानं मान तिरकी केली. उतरला. गवतातून दोन उड्या मारत पानापाशी आला, माझ्या पायांपासून हातभर अंतरावर. आधी वडा उचलला. मग खिरीत चोच बुडवली.

मी बार होण्याची वाट बघत मधे उभा. बार झाला नाही. तेव्हा कुठे वर पाहिलं. जावईबापूंच्या मांडीवर बंदूक मधोमध उघडी पडलेली. जूनमध्ये त्या उघड्या बंदुकीबद्दल काहीतरी सांगत होते, मी लक्ष दिलं नव्हतं. बंद करायला विसरले असावेत. आणि चेहरा दोन्ही हातांत. समोर, इतक्या जवळ कावळा असताना! वर्गात पहिले म्हणे नेमबाजीत.

तो उडून गेल्यावर शिडीवरून खाली आले. डोळे पुसले. थंडी लागली असेल वर.

"अप्पा, आता जेवू या? सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाही."

"का?"

"घास शिवल्याशिवाय कसं घेणार?"

शिकार मिळाली नाही की माणूस असं काहीतरी बोलतो. मी म्हटलं, "चला."

घरी सुनेत्रा दारातच उभी होती. आमच्याकडे एकदा बघून आत गेली, बराच वेळ बाहेर आली नाही. जेवताना जावईबापूंना खीर मी वाढली. दुसऱ्यांदाही मीच वाढली. ते नको नको म्हणत होते. रिकाम्या हातानं आलेल्या माणसाला वाढावं.

त्यांना एकदा स्पष्ट सांगितलं पाहिजे की हृषिकेशराव, चाल सुधारा आणि नेमही सुधारा. चाल उद्यापासूनच घेऊ, सकाळी भात ठेवायला जाताना. नेमाचं मात्र वीस फेब्रुवारीनंतर बघू.